उभी बाग: बाल्कनीतल्या एका भिंतीपासून सुरुवात

आमच्या डोंबिवलीच्या घराची बाल्कनी साडेतीन फूट रुंद आणि सात फूट लांब आहे. तिच्यात वॉशिंग मशीन, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि एक घडीची शिडी. चार कुंड्या खाली ठेवल्या की दार पूर्ण उघडत नाही. शहरात बहुतेकांची हीच अडचण असते, आणि मग लक्ष भिंतीकडे जातं. जमीन नाही, पण भिंत तर आहे.

मी पहिल्यांदा उभी बाग केली तेव्हा छत्तीस कप्प्यांचं तयार पॅनेल आणलं आणि एकाच रविवारी नर्सरीतून छत्तीस रोपं आणून भरून टाकलं. दोन महिन्यांत निम्मी रोपं गेली. वरच्या ओळी वाळल्या, खालच्या कुजल्या, मधल्या मात्र तरारून आल्या. रोपं चांगली होती, मातीही चांगली होती, पाणी रोज घालत होते. चुकलं ते इतकंच, की सगळी भिंत एकसारखी आहे असं मी धरून चालले. भिंतीवर उजेडाचे पट्टे असतात, ओलाव्याचे पट्टे असतात. ज्या त्या रोपाला त्याच्या पट्ट्यात बसवणं हेच या बागेतलं खरं काम आहे, आणि ते समजलं की बाकीचं सोपं जातं.

फोटोंत दिसणाऱ्या भल्यामोठ्या हिरव्या भिंतींकडे बघून सुरुवात करू नका. ती पद्धत जगभर पोचवली पात्रिक ब्लांक या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने. २००६ साली उघडलेल्या पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयाची बाहेरची भिंत त्यांचीच. पण त्यांच्या भिंतीत माती नसते. मुळं फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड कापडाच्या, थरांत वाढतात आणि खत मिसळलेलं पाणी पंपाने वरून दिवसातून अनेकदा सोडावं लागतं. आपल्याकडे वीज गेली, पंप अडकला किंवा आपण चार दिवस गावाला गेलो की सगळी भिंत एकदम जाते. घरासाठी माती भरलेल्या, एकेक करून उतरवता येतील अशा कुंड्याच बऱ्या. एक रोप आजारी पडलं तर तेवढंच खाली काढता येतं.

आधी आठवडाभर नुसतं बघा

काहीही विकत आणण्यापूर्वी सात दिवस फक्त ऊन बघायचं. सकाळी आठ, दुपारी बारा, दुपारी तीन आणि संध्याकाळी पाच. भिंतीवर ऊन कुठपर्यंत येतं तिथे खडूने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. आठवड्याने त्या भिंतीचा नकाशाच तुमच्यासमोर असतो.

थेट ऊन येत नसेल तर सावलीची परीक्षा करा. भरदुपारी भिंतीपासून फूटभर अंतरावर हात धरा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड भरपूर आहे. पुसट सावली पडली तर मध्यम, तिथे पानांची शोभेची झाडं छान होतात. सावलीच पडली नाही तर तिथे मनीप्लांट किंवा स्नेक प्लांटशिवाय दुसरं काही लावून जीव कष्टी करू नका.

आता ज्या गोष्टीने माझी पहिली बाग गेली ती सांगते. सर्वांत वरची ओळ आकाशाच्या जवळ, म्हणून तिथे ऊन जास्त, असं आपण समजतो. बाल्कनीत उलट होतं. वरच्या मजल्याची स्लॅब आपल्या डोक्यावर असते, त्यामुळे भिंतीचा वरचा दीड-दोन फुटांचा भाग तिच्या सावलीत राहतो. खाली विटांचा कठडा असेल तर त्याच्यामागचा भागही अंधारा. भरपूर उजेड मिळतो तो कठड्याच्या उंचीपासून साधारण आपल्या खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात. मिरची, पुदिना, फुलझाडं सगळी तिथेच. कठड्याऐवजी उघडं रेलिंग असेल तर खालच्या ओळीही चांगल्या चालतात.

दिशेचंही आपल्याकडे एक वैशिष्ट्य आहे. मुंबई-पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे कलतो. म्हणून दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन जवळजवळ येतच नाही आणि डिसेंबरात मात्र ते तिरकं होऊन पार घरात शिरतं. उत्तरेकडच्या बाल्कनीत वर्षभर सावली असते, पण मेच्या शेवटी अचानक ऊन लागून नेच्यांची पानं करपतात. डिसेंबरात खडूने मारलेली रेघ मे महिन्यात खरी राहत नाही. पूर्वेची बाल्कनी सगळ्यांत सोपी. पश्चिमेला मार्चपासून जूनपर्यंत दुपारी तीननंतर हिरवी शेडनेट लावावी लागते, निम्मं ऊन अडवणारी ५० टक्क्यांची पुरते.

वजनाचा हिशेब आणि टांगायची सोय

सहा इंची कुंडीत साधारण दीड लिटर माती बसते. नुसती बागेची माती भरून पाणी घातलं तर कुंडी तीन किलोच्या आसपास जाते. कोकोपीट मिसळलेलं हलकं मिश्रण असेल तर दोन किलोत भागतं. तीन फूट रुंद आणि पाच फूट उंच चौकटीत चार-चार कुंड्यांच्या सहा ओळी बसतात, म्हणजे चोवीस कुंड्या. हलक्या मिश्रणात पन्नास किलोच्या घरात, साध्या मातीत सत्तरच्या पुढे. हे वजन ओल्या कुंडीचं धरायचं, दुकानात कोरडी उचलून बघितलेलं नाही.

बाल्कनी म्हणजे इमारतीबाहेर काढलेली स्लॅब. तिच्या बाहेरच्या कडेवर ठेवलेलं वजन आतल्या भिंतीलगतच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण देतं. म्हणून चौकट घराच्या भिंतीला लावा, कठड्याला नाही. इमारत जुनी असेल, स्लॅबचं प्लॅस्टर सुटून सळई दिसत असेल, तर तिथे बाग करूच नका.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तीनच पर्याय सुचवते.

पहिला, जमिनीवर उभी राहणारी पायऱ्यांची घोडी. भिंतीला एकही भोक नाही. भाड्याच्या घरात हेच करा. वरचं टोक तेवढं एका हुकाने भिंतीला अडकवा, म्हणजे लहान मुलाने ओढली तरी उलटणार नाही.

दुसरा, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डमेश जाळी, दोन इंची चौकोनांची. हार्डवेअरच्या दुकानात मापाने कापून मिळते. तिच्यावर हुकाच्या कुंड्या अडकवायच्या, आणि कुंडीची जागा बदलायला अर्धं मिनिटही लागत नाही. माझं मन या जाळीवरच बसलं आहे. पट्टे बघत बघत कुंड्या वरखाली करता येतात आणि पहिल्या वर्षी तेच सारखं करावं लागतं. जाळी भिंतीला चिकटवू नका. मागे दोन इंचांची मोकळी जागा राहील अशा लाकडी ठोकळ्यांवर बसवा. हवा खेळली नाही तर भिंतीला ओल येते आणि पलीकडच्या खोलीतला रंग फुगतो.

भिंत कशाची आहे हे ड्रिल मारणाऱ्याला आधी विचारा. काँक्रीट आणि पक्क्या विटांत साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची प्लास्टिकची खुंटी) आणि स्क्रू चालतात. नव्या इमारतींतल्या हलक्या सिमेंटच्या ब्लॉकमध्ये साधी गिट्टी काही महिन्यांत सैल होते. त्यासाठी वेगळी लांब गिट्टी मिळते, ती मागून घ्या.

तिसरा पर्याय टांगण्याचा. आपल्या स्वयंपाकघरांत दूध-दह्याची भांडी शिंक्यात ठेवायची पद्धत होती. तेच शिंकं, सुतळीऐवजी नायलॉनच्या दोरीचं. सुतळी पावसात सहा महिन्यांत कुजते आणि कुंडी खाली येते.

रस्त्याच्या किंवा जिन्याच्या बाजूला कठड्यावर एकही कुंडी नको. वारा, मांजर, कबुतर, काहीही निमित्त पुरतं. खिडकीच्या बॉक्स ग्रिलमध्ये बाग करत असाल तर आगीच्या वेळी उघडायची झडप पूर्ण मोकळी ठेवा. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर काही ठोकायचं असेल तर सोसायटीला विचारूनच.

माती: इथे कंजुषी नको

उभ्या बागेत मातीला तीन कामं एकदम करायची असतात. हलकं राहायचं, पाणी धरायचं आणि जास्तीचं सोडून द्यायचं. मी पाटीच्या मापाने असं मिश्रण करते: चार पाट्या भिजवलेलं कोकोपीट, तीन पाट्या गांडूळखत, दोन पाट्या लाल माती किंवा पोयटा, एक पाटी भाताचं तूस. शेवटी दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती टाळा. ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात आणि लहान कुंडीतली नाजूक मुळं तुटतात.

कोकोपीटची वीट पाण्यात टाकली की ती फुगताना बघायला मुलांना फार आवडतं. ६५० ग्रॅमच्या विटेचं आठ-नऊ लिटर कोकोपीट होतं. पण पहिलं पाणी पिळून फेकून द्या, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी होतात. मिश्रण झालं की मूठभर घेऊन आवळा. लाडू वळला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला तर जमलं. हातातून पाणी गळलं तर तूस वाढवा. लाडू वळलाच नाही तर थोडं पाणी हवं.

कुंड्या सहा इंचांपेक्षा लहान घेऊ नका. कापडी पाऊच दिसायला सुंदर असतात, पण आपल्या एप्रिलमध्ये ते दुपारपर्यंत कोरडे ठणठणीत होतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या कापून वापरणार असाल तर बाहेरून रंग द्या. पारदर्शक बाटलीत मुळांना उजेड लागतो आणि आत शेवाळ धरतं.

कोणत्या ओळीत काय

पहिल्या वेळी आठ कुंड्या, दोन ओळी. जास्त नाही. या आठांत मी तुम्हाला हे लावायला सांगेन: दोन पुदिना, एक पानओवा, एक मायाळू, दोन मनीप्लांट, एक स्पायडर प्लांट आणि एक चिनी गुलाब, ज्याला काही लोक ऑफिस टाइम म्हणतात. यातली बहुतेक फुकट मिळतात आणि एकही सहजासहजी मरत नाही.

पुदिन्याचं जरा सविस्तर सांगते, कारण नव्या माणसाचा हात त्याच्यावर बसतो. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या जाड, जांभळट देठाच्या चार-पाच काड्या निवडा. खालची पानं चटणीला काढून घ्या, शेंड्याची चार पानं ठेवा. पेल्यात दोन बोटं पाणी घेऊन काड्या त्यात उभ्या करा आणि पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा. पाणी दर दोन दिवसांनी बदला. पाचव्या-सहाव्या दिवशी पानांच्या पेरापाशी पांढरे ठिपके दिसतात, आणि आठवड्या-दहा दिवसांत बोटाच्या पेराएवढी मुळं सुटतात. आता त्या कुंडीत लावा. दोन पेरं मातीखाली जाऊ द्या आणि तीन दिवस सावलीत ठेवा. त्या तीन दिवसांत पानं मान टाकतात, घाबरून जास्त पाणी घालू नका. महिन्याभरात कुंडीच्या कडेवरून फांद्या खाली झुकतात. शेंडा खुडला की तिथून दोन फुटतात, म्हणून चटणीला वरूनच तोडत जा.

मायाळू खालच्या कुंडीत लावून जाळीवर चढवा. पावसाळ्यात तिची पानं तळहाताएवढी होतात आणि भजी करायला हाताशी लागतात. गोकर्ण तशीच चढते, तिला मात्र ऊन लागतं. नागवेल सावलीत आणि दमट हवेत खूश असते, कोकण-गोव्याकडच्या घरांत तर ती हमखास वाढेल.

स्लॅबखालच्या कमी उजेडाच्या वरच्या ओळीत मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट. हे खाली लोंबतात, त्यामुळे वर शोभतातही. खालच्या ओलसर ओळीत नेचे आणि अळू. अळूला मात्र आठ-दहा इंची खोल कुंडी द्या आणि ती जमिनीवरच ठेवा. मिरचीलाही तेवढीच खोल कुंडी हवी. टोमॅटो, वांगी, कढीपत्ता यांचा जीव उभ्या बागेतल्या कुंडीत रमत नाही.

मेथी-कोथिंबीर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि तीन आठवड्यांत कापायला येते. धने पेरण्यापूर्वी लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा. तरी आठ-दहा दिवस वाट बघावी लागते. मे महिन्यात कोथिंबीर पेरली तर ती लगेच फुलावर जाते.

पाणी: वर तहान, खाली ओल

वरच्या कुंडीतलं जास्तीचं पाणी खालच्या कुंडीत ठिबकतं. त्यामुळे सगळ्या ओळींना सारखं पाणी घातलं तर खालच्यांना दुप्पट मिळतं. आधी वरच्या ओळीला सावकाश घाला, पाच मिनिटं थांबा, मग खालच्या ओळींची माती बोटाने बघा आणि लागेल तेवढंच घाला. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेल्यावर कोरडं लागलं तरच पाणी. काही दिवसांनी बोटही लागत नाही. कुंडी नुसती उचलली की वजनावरून कळतं.

सहा इंची कुंडीला हिवाळ्यात एक दिवसाआड एक पेला पुरतो. एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी एक पेला, आणि पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळीही अर्धा. कधी कुंडी पार वाळून मातीने कडा सोडल्या असतील तर वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी बादलीत गळ्यापर्यंत बुडवून पंधरा मिनिटं ठेवा.

ठिबकचा संच घ्यायचा मोह होतो. आठ-दहा कुंड्यांना तो नको. शिवाय स्टुलावर बादली ठेवून ठिबक चालवू असं वाटत असेल तर लक्षात घ्या, एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब ०.१ बार असतो. नेहमीच्या ड्रिपरना साधारण एक बार लागतो. मग जवळच्या कुंड्या भिजतात आणि टोकाच्या कोरड्या राहतात. चार दिवस गावाला जाताना मी सुती दोरीची वात करते. तिचं एक टोक पाण्याच्या बाटलीत, दुसरं कुंडीच्या मातीत तीन इंच खोल. बाटली कुंडीच्या बरोबरीने किंवा जरा उंच ठेवायची. जायच्या आधी दोन दिवस ही सोय चालवून बघा.

खालच्या मजल्यावरच्यांचा विचार याच टप्प्यावर करा. पहिल्या वर्षी माझ्या कुंड्यांचं मातकट पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर गळलं होतं. त्यांची चादर मी धुऊन दिली आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत खालच्या ओळीखाली पन्हळीसारखा अर्धा कापलेला पीव्हीसी पाइप लावला. त्याला थोडा उतार दिला आणि टोकाशी बादली ठेवली. त्या बादलीतलं पाणी मी पुन्हा वरच्या ओळीला घालते, त्यात विरघळलेलं खत असतं. पण बादली रोज रिकामी झाली पाहिजे, आणि कुंड्यांखाली ताटल्या असतील तर त्याही. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याचसाठी. बाग करणाऱ्या घराने तो पाळलाच पाहिजे.

खत आणि कीड

लहान कुंडीतलं अन्न दीड-दोन महिन्यांत संपतं. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी एक मूठ गांडूळखत वरून घालून माती हलवा. शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी उत्तम असतं, पण बंद बाल्कनीत त्याचा वास दोन दिवस जात नाही. घरातला ओला कचरा कुजवून खत करता आलं तर फारच छान. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यातूनच फळंभाज्या उभ्या केल्या. आपल्या चार माणसांच्या घरातली सालंदेठं आठ कुंड्यांना सहज पुरतात.

कीड बघायची ती पानाच्या मागे. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. कानाच्या काडीवर स्पिरिट घेऊन एकेक पुसा. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे म्हणजे मावा, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेच बराचसा जातो. उरलेल्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. फवारणी सूर्य मावळल्यावरच, उन्हात केली तर पानं भाजतात. भिंतीवर कुंड्या एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे कीड एका दिवसात शेजारच्या कुंडीत जाते. दिसल्या क्षणी ती कुंडी उतरवून लांब ठेवा.

कधी सुरुवात करायची

मला विचाराल तर जूनच्या शेवटच्या आठवड्यात. हवा दमट असते, काड्या पटकन धरतात. फक्त तिरका पाऊस थेट भिंतीवर येत असेल तर माती धुपू नये म्हणून कुंडीत वर नारळाच्या शेंड्या पसरा, आणि सलग पावसात पाणी पूर्ण बंद. जूनमध्ये जमलं नाही तर ऑक्टोबरातला उकाडा ओसरू द्या आणि मग लावा. मार्च-एप्रिलमध्ये मात्र सुरुवात करू नका. त्या दिवसांत आठवडाभर ऊन बघा, जाळी बसवून घ्या, मिश्रण करून पोत्यात भरून ठेवा.

आठ कुंड्या दोन महिने टिकल्या की तिसरी ओळ वाढवा. तोवर पुदिना छाटायला आलेला असेल. त्यातल्या चार काड्या चटणीत न घालता पेल्यात उभ्या करून ठेवा, नव्या ओळीतल्या पहिल्या कुंडीला त्या पुरतील.